देवगडच्या खळ्यात काने कोर्सो: एका वेताच्या प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२३
पहाटे चारला देवगड सोडलं, फोंडा घाट चढून साडेआठला कोल्हापूर. शामाला हलकी भूल देऊन खुब्यांचे आणि पुढच्या कोपरांचे एक्स-रे काढले. खुबे चांगले आहेत, गोळा खोबणीत नीट बसलाय. ऑगस्टमध्ये तिला दोन वर्षं झाली. त्याआधीच्या एक्स-रेवर डॉक्टर छातीठोक काही सांगत नाहीत, म्हणून इतके दिवस थांबलो होतो. एक्स-रे आणि भूल ५,२००, डिझेल-जेवण ३,१००.

शामा आमची काने कोर्सो. दक्षिण इटलीतल्या शेतवाड्यांवर राखण करणारी, गुरांमागे जाणारी, रानडुकरावर सोडली जाणारी ही जात. तिथली जुनी शेती गेली तशी तीही संपत आली होती. १९७०च्या दशकात काही हौशी लोकांनी उरलीसुरली कुत्री गावोगाव शोधली आणि जात पुन्हा उभी केली. नाव लॅटिन ‘कोहोर्स’वरून आलं असं मानतात, म्हणजे अंगणाचा राखणदार. आमच्याकडे म्हणायचं तर खळ्याचा. प्रमाणकात मादी ६० ते ६४ सेंटीमीटर आणि ४० ते ४५ किलो. शामा ६२ आणि ४३.

मला तिचं एक वेत घ्यायचंय. घरात, माणसांत राहणारी पिल्लं हवीत. या किनाऱ्यावर कुणी हे केलंय का म्हणून चार तालुके विचारून झाले, सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून या नोंदी.

१४ जानेवारी २०२४
दोन नर बघून नाकारले.

पहिला दिसायला देखणा, छाती रुंद, डोकं भरलेलं. मालक म्हणाले, खुब्यांचा एक्स-रे कशाला, धावतोय की. मी तिथेच थांबले. दुसऱ्याचे कागद होते, एक्स-रे होता, पण आम्ही अंगणात तासभर बसलो तरी तो गुरगुरायचा थांबला नाही. मालकाने हात ठेवून शांत केलं, आम्ही चहा घेतला, तरी नजर आमच्या हातांवरच. राखणीचं कुत्रं अनोळखी माणसावर भुंकणारच. पण मालकाने ‘आपला माणूस आहे’ म्हटल्यावर ज्याला सैल होता येत नाही, त्याची पिल्लं मला कुणाच्या घरात द्यायची नाहीत. शामा एकदा बघते, हुंगते आणि सासूबाईंच्या पायाशी जाऊन पडते. तिच्यासारखाच हवा.

दोन रविवार आणि ५,८०० रुपये गेले. वाया गेले असं मला वाटत नाही.

२० मार्च २०२४
तिसरा नर पसंत पडला. कोल्हापूरकडचाच, चार वर्षांचा, घरात दोन लहान मुलं. शामा आठवड्यापूर्वी माजावर आली, आणि त्याच सुमारास केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाचं १२ मार्चचं पत्र वाचलं. तेवीस जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास, विक्री थांबवा आणि पाळलेल्यांची नसबंदी करा. यादीत काने कोर्सो आहे.

रात्री आम्ही तिघं बसलो. नवरा म्हणाला, कोर्टात जाईल हे, टिकणार नाही. मी म्हटलं, टिकेल न टिकेल, पिल्लं झाल्यावर कळलं तर त्यांचं काय करायचं? हा माज सोडला. सात महिने गेले.

२ मे २०२४
१० एप्रिलला कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं नव्हतं, हे एक कारण. ओळखीच्या वकिलांना सगळे कागद दाखवले. त्यांचा सल्ला: आधी पैदासीची नोंदणी करा, मग पुढचं. कुत्र्यांच्या पैदाशीच्या २०१७च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, घरच्या एका मादीचं वेत विकायचं असलं तरी. त्याच नियमांत मादी किमान अठरा महिन्यांची हवी, लागोपाठच्या दोन माजांवर जोड नको, आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही.

माझा पहिला अर्ज परत आला, चूक माझीच. जागेचा नकाशा आणि डॉक्टरांचा दाखला जोडला नव्हता. तुम्ही करणार असाल तर आधी या दोन गोष्टी हातात घ्या, मग अर्जाला बसा. माझा वेळ यात गेला.

२४ ऑक्टोबर २०२४
दसऱ्याला, १२ तारखेला, शामा माजावर आली. दिवस मोजून जोड लावायची नाही, रक्तातलं प्रोजेस्टेरॉन (बीज सुटताना वाढणारं संप्रेरक) बघून लावायची असं ठरवलं होतं, कारण कोल्हापूरच्या फेऱ्या किती मारणार.

पहिली तपासणी आठव्या दिवशी, कणकवलीच्या माणसांच्या लॅबमध्ये. आकडा ०.६. अकराव्या दिवशी ०.९. तिची लक्षणं मात्र पुढे गेलेली, स्राव फिका झालेला, शेपूट बाजूला घेत होती. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं, नळीचं टोपण कोणत्या रंगाचं होतं? पिवळं. म्हणजे आत जेल. जेलच्या नळीत प्रोजेस्टेरॉन शोषलं जातं आणि आकडा खोटा कमी येतो. साधी लाल टोपणाची, जेल नसलेली नळी वापरायची आणि रक्त लवकर वेगळं करायचं. आज तेराव्या दिवशी लाल नळीत घेतलं: ६.१. म्हणजे बीज सुटलंय. जेलच्या आकड्यावर बसून राहिले असते तर हाही माज गेला असता.

प्रत्येक तपासणी ७००. २६ आणि २८ला जोड.

२९ ऑक्टोबर २०२४
दोन्ही वेळा व्यवस्थित लागली. नराच्या मालकाला पैसे नकोत, एक पिल्लू हवं. दिवाळीच्या फटाक्यांआधी घरी पोचलो.

२३ नोव्हेंबर २०२४
सोनोग्राफीत पिल्लं दिसली, ठोके दिसले. मोजता आली नाहीत. शामाचं खाणं: सकाळी नाचणीची आंबील आणि अंडी, संध्याकाळी कोंबडी, भात, भोपळा आणि वर पिल्लांच्या खाद्याची मूठ. एका जुन्या श्वानपालकाने सांगितल्यावरून कॅल्शियमचं सिरप सुरू केलं, रोज दोन चमचे.

(नंतर घातलेली ओळ: हे करू नका. १३ जानेवारीची नोंद वाचा.)

२० डिसेंबर २०२४
एक्स-रेमध्ये आठ कणे मोजले. व्यायला सहा दिवस आहेत.

खोका तयार. सुताराने फणसाच्या फळ्यांचा सहा फूट बाय पाच फूट केला, आतून पॉलिश नाही. चारी बाजूंनी आत कठडा, म्हणजे आई भिंतीला टेकून बसली तरी मागे पिल्लाला जागा राहील. खाली गोणपाट, त्यावर धुतलेल्या जुन्या साड्या. पडवीच्या आतल्या खोलीत ठेवला. सुतार म्हणाला, ‘वैनी, कठडो जरा वर घेतलंय, एवढी मोठी कुत्री, खाली लावलो तर तिकाच टोचतलो.’ मला पटलं. आठ इंचांवर बसवला. खोका ६,८००.

२७ डिसेंबर २०२४
काल सकाळी अंगाचं तापमान ३८.३ वरून ३६.९ वर आलं. चोवीस तासांत व्यायची खूण. रात्री पावणेदहाला पहिलं, पहाटे चारला शेवटचं. आठातलं सहावं मेलेलं आलं. सात जिवंत, सरासरी ४८० ग्रॅम, सर्वांत लहान ३९०.

मधे दोनला लाईट गेली. पिल्लांना पहिल्या आठवड्यात आपलं अंग आपण ऊबदार ठेवता येत नाही, म्हणून कोपऱ्यात दिवा लावलेला. तो बंद. सासूबाईंनी चुलीवर पाणी ठेवलं, प्लास्टिकच्या बाटल्या भरल्या, फडक्यात गुंडाळल्या. साडेतीनपर्यंत दर वीस मिनिटांनी बाटल्या बदलत होत्या. त्यांना झोपा म्हटलं तर उठल्या नाहीत.

प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर. वजन रोज सकाळी सातला, वाण्याच्या डिजिटल काट्यावर.

२९ डिसेंबर २०२४
निळ्या लोकरीचं पिल्लू गेलं.

पहाटे पाचला मी पाणी प्यायला उठले होते. दहा मिनिटं. परत आले तर शामा भिंतीला पाठ लावून पडलेली आणि तिच्या पाठीमागून काही आवाज नाही. मोजली तर सहा. तिला उठवलं तर निळं भिंतीच्या आणि तिच्या अंगाच्या मधे होतं, आडवं, पाय पोटाशी घेतलेलं. अजून गरम होतं. टॉवेलने चोळलं, नाकातोंडातून चोखून बघितलं. नाही आलं. शामाने त्याला चाटलं, मग माझा हात चाटला.

कठडा आठ इंचांवर असला की आईचं अंग त्याच्या खालून भिंतीपर्यंत पोचतं आणि मागे पिल्लाला जागा राहत नाही. कठडा पिल्लाच्या मापाने लावायचा, आईच्या नाही. जमिनीपासून चार इंच, भिंतीपासून चार इंच. सुताराला साडेसातला बोलावून घेतलं. त्याला काही बोलले नाही, मान मीच डोलावली होती. अर्ध्या तासाचं काम होतं.

पुरला त्याला चिकूखाली. मुलीने निळी लोकर काढून घेतली.

आजपासून पहिले दहा दिवस खोक्याजवळ कायम कुणीतरी जागं. रात्रीच्या तीन पाळ्या केल्या.

३ जानेवारी २०२५
पहाटेची पाळी सासूबाईंची. चारला मला हलवून उठवलं. ‘ऊठ गो. ह्यां पांढऱ्या लोकरीचा गार पडला हा.’

तेच ३९० ग्रॅमचं. इतर पिल्लं आईच्या सडांशी, हे कोपऱ्यात एकटं, तोंड उघडं, दर दहा-बारा सेकंदांनी बारीक आवाज. तळहातावर घेतलं तर ओल्या फडक्यासारखं. हिरड्या राखाडी. काट्यावर ४१०, काल ४३५ होतं. मी लगेच बाटलीत दूध ओतायला घेतलं आणि तेवढ्यात डॉक्टरांनी फोन उचलला. दूध अजिबात देऊ नका. थर्मामीटर लावा.

३३.८.

गार पिल्लाचं आतडं चालत नाही. दूध तसंच पोटात राहतं किंवा फुप्फुसात जातं. आधी ऊब, तीही सावकाश, तासा-दोन तासांत. हेअर ड्रायर नाही, गरम पाणी नाही. सासूबाईंनी त्याला पोलक्यात घातलं, छातीशी, वर शाल, आणि भिंतीला टेकून बसल्या. दर पंधरा मिनिटांनी मी थर्मामीटर लावत होते. ३४.२. ३४.५. अर्धा तास तिथेच अडकलं. मग ३५.१. साडेपाचला त्याने सासूबाईंच्या गळ्याशी तोंड घासून काहीतरी शोधायला सुरुवात केली. ३५.९ला बोटावर ग्लुकोजचं पाणी लावून हिरड्यांना चोळलं. ३६.३ला शामाच्या मागच्या सडाला लावलं, तिथे दूध जास्त. जीभ वळवून धरलं त्याने.

आता रोज दोन वेळा वजन. मादी आहे. सासूबाई तिला गारगोटी म्हणायला लागल्या आहेत.

१३ जानेवारी २०२५
काल रात्री शामाला गमावून बसायची वेळ आली होती.

संध्याकाळी ती खोक्यातून उठून बाहेर आली, धापा टाकत. थंडीचे दिवस, धाप कसली? मग मागचे पाय ताठ, काठीवर चालल्यासारखी चाल. कानांजवळची कातडी थरथरत होती. ताप ४१. पिल्लं आईपासून काढली, मुलीच्या आणि सासूबाईंच्या ताब्यात दिली, शामाला गाडीत घातलं. कणकवलीपर्यंत ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून सबंध थरथरत होती. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं, फार हळू, एका हाताने सुई आणि दुसऱ्या हाताने छातीवर स्टेथोस्कोप. घाई केली तर हृदय बंद पडतं. वीस मिनिटांत थरथर थांबली.

मग त्यांनी विचारलं, गाभण असताना कॅल्शियम दिलं होतं का? दिलं होतं. बाहेरून मिळत राहिलं की शरीर हाडांतून कॅल्शियम काढायची आपली यंत्रणा निजवून ठेवतं. व्याल्यानंतर सहा तोंडं दूध ओढायला लागली की अचानक हवं असतं, आणि ते मिळत नाही. गाभणपणात चांगला समतोल आहार पुरतो, वेगळं कॅल्शियम नको. हीच चूक मोठ्या जातीच्या पिल्लांच्या बाबतीतही लोक करतात, हाडं भक्कम व्हावीत म्हणून चमचे पाजतात आणि सांधे बिघडवतात.

पिल्लांना चोवीस तास बाटलीवर ठेवलं. आजपासून दिवसा आई, रात्री बाटली. पाजण्याच्या काळात डॉक्टर सांगतील तेवढंच कॅल्शियम, गोळीतून. खर्च ४,३००. जंतांचं पहिलं औषध तीन दिवसांपूर्वीच दिलं, दोन आठवड्यांची झाली तेव्हा. पुढे दर दोन आठवड्यांनी.

९ फेब्रुवारी २०२५
सहा आठवडे झाले. सगळी खातात, नाचणी आणि खिमा.

लादीवरून पिल्लांचे मागचे पाय बाजूला जात होते हे आठवडाभर उशिरा लक्षात आलं. घरात दिवाणखान्याला चकचकीत लादी आहे. वाढत्या खुब्यांना ती वाईट. काथ्याच्या चटया अंथरल्या, आणि दिवसा सारवलेल्या खळ्यात. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाय घट्ट रोवून चालतात.

आता मुख्य काम. तीन ते बारा आठवड्यांच्या काळात पिल्लू जे बघेल ते त्याला जगाचा भाग वाटतं, नंतर नवीन दिसलेलं धोका वाटतो. कोर्सोत राखणीचा स्वभाव रक्तातच आहे, तो शिकवावा लागत नाही. शिकवायचं ते हे, की काठी टेकत येणारा म्हातारा, डोक्यावर टोपली घेतलेली मासेवाली, हेल्मेट घातलेला पोस्टमन ही रोजची माणसं आहेत. लस पुरी झाली नाही तोवर रस्त्यावर ठेवायचं नाही, पार्व्होच्या जीवघेण्या विषाणूची भीती. म्हणून आंब्याच्या क्रेटमध्ये साडी घालून दोन-दोन पिल्लं घेऊन जाते. एसटी स्टँडवर अर्धा तास, बंदरावर मासळीचा लिलाव चालू असताना अर्धा तास. खाली उतरवत नाही, कुणाला हात लावू देत नाही, फक्त बघतात. पहिल्या दिवशी लाल लोकर लिलावाच्या आरड्याओरड्याने क्रेटच्या तळाशी गेलं. लांब जाऊन बसलो, तिथून ऐकवलं. चौथ्या दिवशी काठावर पाय ठेवून बोटी बघत होतं.

वाटी काढून घ्यायची नाही. त्याने वाटीची राखण करायला शिकतं. मी वाटीजवळ जाते आणि त्यात कोंबडीचा तुकडा टाकते. हात आला की चांगलं काहीतरी येतं.

२ मार्च २०२५
आतापर्यंत तेवीस फोन. तीन घरं ठरली.

सर्वांत जास्त फोन कलमांच्या बागायतदारांचे. वानर आणि चोरांसाठी हवं. एकाने ७०,००० देतो म्हटलं, बागेत बांधून ठेवतो, सीझनभर. मी नाही म्हटलं आणि कारण सांगितलं. पंचेचाळीस किलोचं हे कुत्रं माणसांपासून लांब, साखळीला, फेब्रुवारी ते मे त्या उकाड्यात ठेवलं तर दुसऱ्या वर्षी ते बागेतल्या नेपाळी कामगारावर जाईल, आणि त्यात दोघांचंही मरण. वानराच्या मागे झाडाखाली धावायला गावठी कुत्रं याच्यापेक्षा शंभर पटींनी चांगलं. ते गृहस्थ रागावले. आणखी एकाला कान कापून हवे होते. त्यांनाही नाही.

ठरलेल्या तिन्ही घरांनी नसबंदीचं लिहून दिलंय, आणि नको झालं तर पिल्लू आमच्याकडेच परत. प्रत्येकी ४५,०००. एक नराच्या मालकाकडे गेलं. हिरव्या लोकरीच्या डोळ्याच्या कोपऱ्यात लाल गोळा बाहेर आला, तिसऱ्या पापणीची ग्रंथी. जवळच्या एकाने कापून टाकायला सांगितलं. ती ग्रंथी अश्रू बनवते, कापली तर डोळा जन्मभर कोरडा राहायची भीती. पुण्याला नेऊन आत शिवून घेतली, ८,५००. ते पिल्लू बहिणीला, पैसे न घेता.

गारगोटी राहिली.

१७ मार्च २०२५
शिमगा. पोरं सोंगं घेऊन, ढोल वाजवत शबय, म्हणजे शिमग्याचे पैसे, मागायला खळ्यात आली. मी महिनाभर आधीपासून ढोलाचा आवाज मोबाइलवर लावत होते, दर दिवशी थोडा मोठा. गारगोटी उंबऱ्यावर बसून बघत राहिली. शामा उठली, सासूबाईंच्या आणि सोंगांच्या मधे जाऊन उभी राहिली, सासूबाईंनी ‘गावचे हत गो’ म्हटल्यावर बसली.

२७ मे २०२५
पाऊस २५लाच देवगडात आला. आम्ही बेसावध. लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून येणाऱ्या तापावरचा, डोस जूनच्या पहिल्या आठवड्यात द्यायचा म्हणून ठेवला होता, तो काल दिला. भातशेती, उंदीर आणि साचलेलं पाणी असलेल्या गावात ही लस पावसाच्या पुरेशी आधी झालेली असावी. पुढच्या वर्षी एप्रिल. ओठांच्या घड्या रोज कोरड्या पुसायच्या, नाहीतर आठवड्यात बुरशी. गोचिडांसाठी महिन्याची गोळी, आणि रोज बोटांनी कानांच्या मागे, पंजांच्या मधे तपासणी. गडग्यालगत फिरवत नाही, चिऱ्यांच्या फटींत फुरशी असतात.

३१ ऑगस्ट २०२५
गणपतीला घरात एकोणीस माणसं. पुतण्याचा दीड वर्षाचा मुलगा गारगोटीच्या कानाला धरून उभा राहिला. तिने माझ्याकडे बघितलं. मी मुलाला उचललं आणि तिला बाहेर पडवीत नेलं. तिची मदत मागायची ही पद्धत आहे, ती ओळखायची आणि लगेच उठायचं. मुलाला आणि कुत्र्याला एकटं सोडायचं नाही, कितीही शांत असलं तरी.

हिशेब. एक्स-रे आणि कोल्हापूरच्या फेऱ्या २२,०००. तपासण्या आणि सोनोग्राफी ६,५००. खोका आणि खोली १४,०००. खाणं ५८,०००. औषधं, लसी, दवाखाने ४७,०००. डोळा ८,५००. नोंदणी आणि कागद ९,०००. एकूण १,६५,०००. आले १,३५,०००.

गारगोटी आज ३४ किलो. खुब्यांचे एक्स-रे जानेवारी २०२७मध्ये काढायचे, तोवर तिच्या जोडीचा विषय नाही. शामाची नसबंदी पाऊस संपला की.